पहिली तीन वर्षं

कॅम्पस मुलाखतीत निवड झाली की आपल्याकडे मुलाला पहिला प्रश्न पॅकेजचा विचारतात. मामा विचारतात, शेजारचे काका विचारतात, आणि कॉलेज तर फोटोखाली तो आकडा छापून फाटकावर फ्लेक्स लावतं. तू नेमकं काय काम करणार, कोणाच्या हाताखाली करणार, तिथे तुला कोण काय शिकवणार, हे विचारणारा माणूस विरळा. बेंगळुरूत पहिल्या नोकरीसाठी येणारी मराठी मुलंमुली मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. त्यांच्यातलं कोण पुढे गेलं आणि कोण पाच वर्षांनी होतं तिथेच राहिलं, याचा पहिल्या पगाराशी फारसा संबंध मला आढळला नाही. संबंध आढळला तो सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत मिळालेल्या कामाशी, आणि ते काम करताना चूक दाखवून देणाऱ्या माणसांशी.

म्हणून या पुस्तकाची प्रस्तावना लिहिताना मला एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. तंत्रज्ञान क्षेत्रातली पहिली नोकरी ही उमेदवारी आहे, म्हणजे काम करत करत शिकण्याचा काळ. ती उमेदवारी म्हणून निवडावी, उमेदवारी म्हणून करावी, आणि घरच्यांनीही तिच्याकडे त्याच नजरेने पाहावं. पुढच्या प्रकरणांत अर्ज, मुलाखती, करारपत्रं, पहिलं काम, नोकरी बदलणं यांची तपशीलवार माहिती आहे. ती सगळी हा एक धागा धरून वाचली तर जास्त उपयोगी पडेल.

बेंगळुरूशी मराठी माणसाचं नातं म्हटलं की आपण शहाजीराजांच्या जहागिरीपासून सुरुवात करतो आणि बहुधा तिथेच थांबतो. या विषयाच्या दृष्टीने मला दोन अलीकडची नावं जास्त महत्त्वाची वाटतात. पहिलं वालचंद हिराचंद यांचं. सोलापुरात जन्मलेल्या या उद्योजकाने डिसेंबर १९४० मध्ये बेंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही विमानं बनवणारी कंपनी काढली. म्हैसूर संस्थानाने तिला पाठबळ दिलं. महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ मध्ये, सरकारने तिचा कारभार हाती घेतला आणि पुढे त्यातूनच आजची हिंदुस्तान एअरोनॉटिक्स म्हणजे एचएएल उभी राहिली. दुसरं नाव डॉ. विष्णू माधव घाटगे यांचं. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचा हा मुलगा जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकला. परत आल्यावर तो वालचंदांच्या कारखान्यात रुजू झाला आणि १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला तेव्हा तिथे शिकवूही लागला. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेलं एचटी-२ हे विमान १९५१ मध्ये उडालं. भारतात आराखडा होऊन नियमित उत्पादनात गेलेलं ते पहिलं विमान. आणि ते होतं प्रशिक्षणाचं विमान, म्हणजे नवख्या वैमानिकाला सोबत जाणत्याला बसवून शिकवण्यासाठी बांधलेलं.

हा तपशील मला फार बोलका वाटतो. बेंगळुरूत एचएएलपाठोपाठ १९४८ मध्ये आयटीआय आली, १९५३ मध्ये एचएमटी, १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स. या कारखान्यांनी विमानं, टेलिफोन, यंत्रं, रडार बनवली, आणि त्याच्या जोडीने माणसं घडवली. दहावी झालेला मुलगा अप्रेंटिस म्हणून आत जायचा आणि काही वर्षांनी कुशल कारागीर होऊन बाहेर यायचा. १९७८ मध्ये केऑनिक्स या राज्य सरकारच्या महामंडळाने, आर. के. बाळिगा यांच्या पुढाकाराने, शहराबाहेर ३३२ एकरांवर इलेक्ट्रॉनिक सिटी वसवायला घेतली, तेव्हा तिथे येणाऱ्या कंपन्यांना मनुष्यबळ कुठून आणायचं हा प्रश्न पडला नाही. शहरात शिकवण्याची सवय आधीच रुजलेली होती. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने आपलं डिझाइन केंद्र इथे थाटलं, त्यामागे हेच कारण होतं असं मी मानतो. बेंगळुरूच्या यशाचं श्रेय लोक हवामानाला देतात. हवामान चांगलं आहेच, पण ते म्हैसूरचंही चांगलं आहे.

१९८३ या सालाकडे मराठी वाचकाने जरा थांबून पाहावं. वसंतदादा पाटलांच्या सरकारने त्या वर्षी महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. कोल्हापूरचं केआयटी, इस्लामपूरजवळ साखराळ्याचं राजारामबापू इन्स्टिट्यूट, सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट, पुण्याचं एमआयटी ही सगळी त्याच वर्षीची. त्याआधी सांगलीचं वालचंद कॉलेज किंवा पुण्याचं सीओईपी अशा मोजक्या कॉलेजांत जागा मिळाली नाही तर बहुतेकांचं इंजिनीअर व्हायचं स्वप्न तिथेच संपायचं. आणि त्याच १९८३ मध्ये, पुण्यात दोन वर्षांपूर्वी नोंदवलेली इन्फोसिस ही छोटी कंपनी मायको या ग्राहकाच्या कामानिमित्त बेंगळुरूला हलली. तिच्या सात संस्थापकांनी मुंबईतल्या पटणी कॉम्प्युटर्समधली नोकरी सोडलेली होती, आणि सुरुवातीचे दहा हजार रुपये सुधा मूर्तींनी साठवलेल्या पैशांतून आले होते. एकाच वर्षी महाराष्ट्रात इंजिनीअर तयार करणारे कारखाने वाढले आणि त्यांना काम देऊ शकणारी एक कंपनी महाराष्ट्रातून निघून गेली. हा निव्वळ योगायोग आहे. पण पुढच्या चाळीस वर्षांत कोल्हापूर, सांगली, सोलापूर, लातूर, बेळगाव इथून रात्रीच्या बसने बेंगळुरूला जाणाऱ्या पोरांची रांग का लागली, ते त्यातून कळतं.

बेळगावचा उल्लेख मुद्दाम केला. सीमाभागातली मराठी मुलं कर्नाटकाच्याच व्यवस्थेत शिकतात. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालयच बेळगावला आहे. खानापूर, निपाणीकडची मुलं गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा हुबळी-धारवाडकडे शिकतात, त्यांना कन्नड येतं, आणि बेंगळुरूत ती पुण्या-कोल्हापूरच्या मुलांपेक्षा लवकर रुळतात. सीमाप्रश्नाचं दुखणं खरं आहे, ते मी कमी लेखत नाही. पण बेंगळुरूत पोट भरायला आलेल्या मराठी माणसाने कन्नड शिकावं, मनापासून शिकावं, हे माझं ठाम मत आहे. पीजीच्या मावशींना ‘ऊटा आयता?’, म्हणजे ‘जेवण झालं का?’, असं विचारता आलं की घरापासून दूर राहणं निम्मं सोपं होतं. ऑफिसातली इंग्रजी कामाला पुरते. शहरात राहायला कन्नड लागतं.

आता नोकऱ्यांविषयी. नवख्याला बाहेरून सगळ्या कंपन्या सारख्याच दिसतात, काचेच्या इमारती आणि गळ्यात ओळखपत्रं. आत मात्र तीन वेगळी जगं आहेत. टीसीएस, इन्फोसिस, विप्रोसारख्या सेवा कंपन्या दुसऱ्यांची कामं करून देतात. त्या हजारोंनी भरती करतात, कित्येक महिने पगार देऊन शिकवतात, आणि मग ज्या प्रकल्पाला माणूस हवा तिथे पाठवतात. तो प्रकल्प मिळेपर्यंत ‘बेंचवर’ बसावं लागतं. दुसरं जग जीसीसींचं, म्हणजे परदेशी बँका, मोटार कंपन्या, दुकानांच्या साखळ्या यांनी भारतात उघडलेल्या स्वतःच्या तंत्रज्ञान केंद्रांचं. देशात अशी १७०० हून अधिक केंद्रं आहेत आणि त्यांतली सर्वाधिक बेंगळुरूत आहेत. इथे भरती कमी, पगार बरा, आणि एकाच मालकाचं काम दीर्घकाळ करायला मिळतं. तिसरं जग उत्पादनं बनवणाऱ्या कंपन्या आणि स्टार्टअपचं. २००७ मध्ये कोरमंगलात एका घरातून सुरू झालेल्या फ्लिपकार्टमुळे त्याला झळाळी आली. तिथे पहिल्या महिन्यातच मोठी जबाबदारी अंगावर येते, आणि कंपनी बंद पडली तर पुढच्या महिन्याचा पगारही येत नाही.

सेवा कंपन्यांना नावं ठेवायची सध्या फॅशन आहे. मला ती पटत नाही. छोट्या गावातल्या, मराठी माध्यमातून आलेल्या, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलांसाठी कित्येक वर्षं हेच एक दार खरोखर उघडं होतं. इन्फोसिसच्या म्हैसूरमधल्या प्रशिक्षण केंद्रात जेवायच्या टेबलावर पहिल्यांदा तमिळ, बंगाली, पंजाबी मुलांबरोबर बसून इंग्रजी बोलायची भीड चेपली, असं सांगणारी माणसं आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. या कंपन्यांत नवख्यांचा पगार गेली दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास अडकून पडला आहे, आणि त्या काळात बेंगळुरूतली भाडी अडकून पडलेली नाहीत. उमेदवारी कमी पगारावर करावी हे मान्य. पण ती दोन वेळचं खाऊन, कर्जाचा हप्ता भरून करता आली पाहिजे.

ऑफर लेटर कसं वाचायचं हे कॉलेजात कोणी शिकवत नाही, म्हणून एक उदाहरण इथेच देतो. समजा पत्रात वर्षाला ३ लाख ६० हजार लिहिलं आहे. घरचे बाराने भागून महिना ३० हजार धरतात. आता मागचं पान उलटा. त्यात महिन्याला ३ हजार ‘व्हेरिएबल’ आहेत, म्हणजे कंपनीची आणि तुमची कामगिरी पाहून तिमाहीला किंवा वर्षाअखेर, पूर्ण किंवा अपुरे मिळणारे. मूळ वेतन १५ हजार असेल तर कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी १८०० रुपये, तोही याच ३० हजारांत मोजलेला. ग्रॅच्युइटीचे साधारण ७२० रुपये, जे सर्वसाधारण नियमाने पाच वर्षं टिकलात तरच हाती येतील. मग तुमच्या वाट्याचे पीएफचे १८०० कापले जातात. खात्यात पडतात ते साडेबावीस हजारांच्या आसपास. पीजीत दोघांच्या खोलीत जेवणासकट नऊ-दहा हजार, शैक्षणिक कर्जाचा हप्ता, येण्याजाण्याचा खर्च, आणि घरी पाठवायचे म्हणून ठरवलेले. हा हिशेब घरून निघण्याआधी आईवडिलांच्या समोर कागदावर मांडावा. पहिल्याच महिन्यात खोटं बोलायची वेळ येत नाही, आणि ‘एवढा पगार असून पैसे का उरत नाहीत’ हा प्रश्न फोनवर ऐकावा लागत नाही.

त्याच पत्रात बाँडचं कलम असतं. बरीच मुलं ते न वाचता सही करतात, आणि काही जण बाँडला कायद्यात काही किंमत नसते असं सांगणाऱ्या मित्रावर विसंबतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षं पूर्ण होण्याआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ते प्रकरण सरकारी बँकेचं होतं आणि प्रत्येक बाँडला ते जसंच्या तसं लागू होईल असं नाही. पण बाँड म्हणजे रद्दी, हा समज आता सोडून द्यावा. रक्कम किती, मुदत किती, ती कधीपासून मोजतात, हे विचारून घ्यावं. आणि मूळ गुणपत्रिका, मूळ पदवी कंपनीच्या ताब्यात कधीही देऊ नये. पडताळणीसाठी दाखवावी आणि परत आणावी.

कामाविषयी मी जास्त बोलणार आहे, कारण खरी उमेदवारी तिथेच होते. कॉलेजातला प्रोग्रॅम एकदा चालला की संपतो. कंपनीतला चालला की सुरू होतो. एका तरुणाचं पहिलं काम मी जवळून पाहिलं आहे. बिल भरण्याच्या ॲपमध्ये त्याला छोटा बदल करायचा होता. बँकेच्या सर्व्हरला विनंती पाठवायची, उत्तर आलं की ‘पैसे भरले’ असं दाखवायचं, आणि ठरावीक सेकंदांत उत्तर आलं नाही तर विनंती पुन्हा पाठवायची. त्याने दोन दिवसांत लिहिलं, स्वतः तपासलं, सगळं नीट चाललं, आणि मोठ्या उत्साहाने रिव्ह्यूला टाकलं. टीममधल्या अनुभवी बाईंनी एका ओळीखाली एवढंच विचारलं : उत्तर आलं नाही याचा अर्थ पैसे गेले नाहीत असा होतो का? मुलगा बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिला. विनंती पोहोचली असेल, पैसे कापलेही गेले असतील, फक्त उत्तर वाटेत हरवलं असेल. अशा वेळी पुन्हा पाठवलं तर माणसाचं वीजबिल दोनदा कापलं जाणार. मग बाईंनी त्याला शेजारी बसवून दाखवलं, की प्रत्येक व्यवहाराला आधीच एक क्रमांक द्यायचा, पुन्हा पाठवताना तोच क्रमांक पाठवायचा, आणि समोरच्या सर्व्हरने तो क्रमांक ओळखून दुसऱ्यांदा पैसे न कापता पहिलंच उत्तर परत द्यायचं. या कल्पनेला मोठं जड इंग्रजी नाव आहे आणि ते पुस्तकात सापडतं. पण ती त्याच्या अंगी मुरली ती त्या दुपारी, कारण चूक त्याची स्वतःची होती आणि विचारणारं माणूस रागावलेलं नव्हतं.

असा प्रश्न विचारणारी माणसं ज्या टीममध्ये आहेत ती टीम पकडून ठेवा, असं मी प्रत्येक नवख्याला सांगतो. मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं म्हणतात तेव्हा आपली मुलं संकोचाने नाही म्हणतात. तिथे विचारावं : माझा कोड कोण तपासेल? नवीन आलेल्यांना पहिले सहा महिने काय काम देता? मागच्या वर्षी आलेली मुलं आज काय करत आहेत? जिथे या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत, तिथे शिकवायची व्यवस्था नाही असं समजावं.

संकोच ही आपल्या मुलांची मोठी अडचण आहे, बुद्धी नव्हे. जन्मभर ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हणत आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी पन्नाशीच्या मॅनेजरला नावाने हाक मारायला सांगतात, तेव्हा त्याच्या घशाला कोरड पडते. सकाळच्या बैठकीत ‘मी अडकलोय’ असं सांगायचं असतं, आणि तो तीन दिवस गप्प राहून एकटा झगडत बसतो, कारण शाळेत न येणं म्हणजे मार खाणं होतं. इथे अडकल्याचं न सांगणं हाच खरा दोष धरला जातो. एक-दोन तास स्वतः प्रयत्न करावा, काय काय करून पाहिलं ते लिहून ठेवावं, आणि मग विचारावं. लिहून विचारणाऱ्याला कोणी हसत नाही.

मुलींच्या बाबतीत अडचण घरापासून सुरू होते. पुणे चालेल, बेंगळुरू नको, असं म्हणणारे पालक मला नेहमी भेटतात. त्यांची काळजी मी समजू शकतो. पण नकार देण्याआधी काही गोष्टी माहीत असू द्याव्यात. रात्रपाळी असेल तर महिला कर्मचाऱ्यांची घरापर्यंत ने-आण करण्याची जबाबदारी कर्नाटकाच्या नियमांनी कंपनीवर टाकलेली आहे. व्हाइटफील्डपर्यंतची मेट्रो २०२३ मध्ये पूर्ण झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रॉनिक सिटीलाही मेट्रो जाते, त्यामुळे सिल्क बोर्डच्या चौकातल्या वाहतूककोंडीत दोन-दोन तास काढण्याची सक्ती उरलेली नाही. गांधीनगरातलं महाराष्ट्र मंडळ १९२० पासून आहे, ओळखीची चार घरं तिथे सहज मिळतात. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलेलं पाहून सुधा कुलकर्णींनी, म्हणजे नंतरच्या सुधा मूर्तींनी, जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं होतं. त्यांना अडवणारी कंपनी होती. आजच्या मुलीला कंपनी बोलावते आहे आणि तिला घरचे अडवतात, हे मला फार लागतं.

नोकरी न लागलेल्यांविषयी लिहायला हवं, कारण त्यांची संख्या मोठी आहे आणि पुस्तकं बहुधा यशस्वी लोकांचीच लिहिली जातात. बीटीएम लेआउट, मराठहळ्ळी, राजाजीनगर या भागांत टेस्टिंगचे, जावाचे, डेटाचे वर्ग भरतात आणि पदवी हातात घेऊन आलेली मुलं चार-सहा महिने तिथे घालवतात. वर्ग चांगले असतील तर त्यात वाईट काही नाही. धोका त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. दोन वर्षांचा अनुभव दाखवून देतो, पत्रं, पगाराच्या पावत्या, सगळं तयार करून देतो, एवढे लाख भरा, असं सांगणारे दलाल भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. आजची पडताळणी पीएफच्या यूएएन क्रमांकापर्यंत जाते. त्या खात्यात कोणत्या कंपनीने कोणत्या महिन्यात पैसे भरले हे दिसतं, आणि खोटा अनुभव दोन-तीन वर्षांनीही उघडा पडतो. तोवर तुम्ही खरोखर चांगलं काम करत असता, आणि त्याच दिवशी बाहेर काढले जाता.

आणि आता हवा बदलली आहे, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. २०२१-२२ मध्ये कंपन्यांनी भराभर माणसं घेतली. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघींची कर्मचारीसंख्या मिळून ६० हजारांहून अधिक घटली. ऑफर लेटर हातात असूनही कित्येक मुलं वर्ष-दोन वर्षं रुजू होण्याच्या तारखेची वाट पाहत घरी बसली. फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या इन्फोसिस केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत नापास झाल्याच्या कारणावरून घरी पाठवण्यात आलं, आणि पुण्याच्या नाइट्स या कर्मचारी संघटनेने त्याविरुद्ध केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली. कर्नाटकात केआयटीयू ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना २०१७ पासून काम करते. या दोन्ही संघटनांची नावं नवख्याने लक्षात ठेवावीत. इंजिनीअरला संघटना कशाला, हा आपल्या मध्यमवर्गाचा समज आता जुना झाला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतरच्या साधनांनी आणखी एक गोष्ट हलवली. पूर्वी नवख्याला सोपी, कंटाळवाणी कामं देत : छोटे दोष दुरुस्त कर, चाचण्या लिही, जुना कोड वाचून नोंदी कर. त्या कामांतूनच हात बसायचा. आता ती कामं यंत्राकडून करून घेता येतात, मग नवखा घ्यायचा कशाला, असा विचार कंपन्यांत बोलून दाखवला जातो. मला हा विचार आखूड वाटतो. आज नवखे घेतले नाहीत तर दहा वर्षांनी त्या बिलाच्या ॲपमधला प्रश्न विचारणाऱ्या अनुभवी बाई कुठून येणार? पण कंपन्यांचं धोरण आपल्या हातात नाही. नवख्याच्या हातात एवढं आहे, की यंत्राने लिहिलेला कोड त्याने ओळ न ओळ वाचावा, तो कुठे मोडेल ते शोधावं, आणि ज्या ओळीचा अर्थ स्वतःला सांगता येत नाही ती पुढे ढकलू नये. लिहिण्याचं काम स्वस्त झालं आहे. वाचून, पारखून, ‘हे चुकीचं आहे’ असं सांगणाऱ्याची गरज वाढली आहे, आणि मुलाखतींतही आता हेच अधिक विचारलं जाऊ लागलं आहे.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मग कशाला या वाटेला जायचं? माझं उत्तर नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावात आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक तिथे दिला गेला. त्यामागची प्रणाली ज्या तंत्रज्ञान केंद्रात उभी राहिली ते बेंगळुरूत होतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी गावातल्या बाईच्या बोटांचे ठसे नीट जुळले नाहीत तर तिचं रेशन अडतं, आणि ते जुळवणारा कोड कोणीतरी, कधीतरी, नवखा असताना शिकून लिहिलेला असतो. झिजलेल्या बोटांचे ठसे वाचता येत नाहीत म्हणून माणसं रिकाम्या हाताने परत गेल्याचं आपण ऐकलं आहे. शेतात राबणाऱ्या आईचे हात ज्याने घरात पाहिले आहेत, असा मुलगा त्या टीममध्ये असेल तर तो ही अडचण बैठकीत पहिल्यांदा मांडेल. आपली मुलं या कामात असावीत असं मला वाटतं ते यासाठी.

तीन वर्षं हा आकडा मी अंदाजाने घेतलेला नाही. बेंगळुरूतल्या नोकऱ्यांच्या जाहिराती वाचल्या तर तीन वर्षांच्या अनुभवापाशी बरीच दारं उघडताना दिसतात, आणि त्यानंतर नवखेपणाचा शिक्का राहत नाही. त्या तीन वर्षांत नोकरी एकदा बदलली तरी चालेल, पगार जेमतेम असला तरी चालेल. शिकणं थांबलं तर मात्र चालणार नाही.

शेवटी एक विनंती, आणि ती नवख्यांना नाही. बेंगळुरूत आज दहा-वीस वर्षं काढलेले मराठी अभियंते पुष्कळ आहेत. गणपतीत आणि कोजागरीला आपण भेटतो, तेव्हा आपल्या जुन्या कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलाची किंवा मुलीची जबाबदारी घ्या. तिचा बायोडेटा वाचा, रविवारी तासभर तिची सराव मुलाखत घ्या, तिचं ऑफर लेटर मागचं पान उलटून तिच्याबरोबर वाचा, आणि तुमच्या कंपनीत जागा निघाली तर तिचं नाव पुढे करा. तुमच्या पहिल्या वर्षी कोणीतरी शेजारी बसून तुम्हाला हेच दाखवलं होतं.